दीपगृहातली वेणू

॥ श्री ॥

मैलूर, बिदर
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय विभावन्सं,

मालतीचा स. न. वि. वि. तुमचं पुडकं बुधवारी पोचलं. पुस्तकाला कव्हर नाही, पहिली पानं नाहीत. नाव काय, लिहिणारा कोण, काही पत्ता नाही. चिठ्ठीत तुम्ही नुसतं ‘आमचं दीपगृहाचं पुस्तक, अण्णाला दाखवा’ असं लिहिलंत. मला वाटलं, असेल शाळेतलं काहीतरी. पण यांच्या हातात दिलं आणि काय सांगू! ज्यांना संक्रांतीला पोटच्या विजयेंद्राचं नाव सापडलं नव्हतं, त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं, हुंगलं आणि म्हणाले, गलबत फुटलं तिथून वाच.

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की आमचं गलबत फुटतं. कौलं भरून निघालेलं ते गलबत खडकावर आपटतं, केशव आणि वेणू ही दोन भावंडं आणि म्हातारा तांडेल बाबल एवढेच वाचतात. समोर ओसाड दीपगृह, चहूकडे पाणी, तांडेलाचा पाय मोडलेला. समुद्र काही मी पाहिलेला नाही, माझं पाणी कारंजा धरणापलीकडे जात नाही. पण वाचता वाचता तोंडाला खारट लागतं. आमच्या राजेश्वर गावात लहानपणी पुस्तक म्हणजे पंचांग आणि शाळेतली कन्नड बुकं. गोष्टीचं जाड पुस्तक मी साठी उलटल्यावर पहिल्यांदाच हातात धरते आहे, हसू नका.

गंमत अशी, की केशव तराफा बांधायला घेतो तिथे यांचा डोळा लागतो. दुसऱ्या दिवशी कालचं काही आठवत नाही. पुन्हा गलबत फुटलं तिथून वाच म्हणतात. त्यामुळे तराफा काही आमचा तयार होत नाही, आणि बेटावरून सुटका नाही.

बाकी तसंच आहे. फोन वाजला की शाळेची घंटा झाली म्हणून उठतात आणि चपला शोधतात. जन्मभर पोरांना गणित शिकवलं, ती घंटा अजून कानात आहे. म्हणून मी फोन बंदच ठेवते. तुमच्या कानातलं यंत्र तरी फोनवर कुठे नीट चालतं, नुसती शिट्टी मारतं. आपली पत्रंच बरी. बाहेरच्या दाराला दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं कुलूप असतं आणि किल्ली माझ्या कमरेला. दिवाळीनंतर देवळातसुद्धा गेले नाही. भाजी शेजारची श्रीदेवी आणून देते.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहे म्हणूनच एवढी लांबण लावली.

तुमची,
मालती

---

बसवकल्याण
२४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. मालतीवहिनीस,

विभाचा सा. न. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. निलम्मा भाडं द्यायला वर आली होती, तिलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, अक्का, तुमचे अण्णा लई हुशार, झोप यायच्या जागी बरोबर झोपायलेत.

ते पुस्तक अण्णाला शाळेत बक्षीस मिळालं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही ते पलंगाखाली पालथे पडून वाचायचो. मग अंगणात खेळ. हौद म्हणजे समुद्र, कडब्याची गंज म्हणजे दीपगृह. मी केशव व्हायचे. परकर खोचायचा, काठी घ्यायची आणि बेट धुंडाळायला निघायचं. अण्णा मात्र कधी केशव झाला नाही. तो तांडेल! बाजेवर पडून राहायचा आणि पाणी, पाणी म्हणून कण्हायचा. मोठा भाऊ असून असा आळशी.

तुम्ही विचाराल वेणू कोण व्हायचं. मी आठवून पाहिलं, वहिनी. वेणू कुणीच व्हायचं नाही. अण्णानं पाणी मागितलं की आई स्वयंपाकघरातून आणून द्यायची आणि पुन्हा चुलीशी जायची. आम्हाला वाटायचं, खेळ पुरा झाला.

तुम्ही एकट्या किती करणार? तासभर तरी कुणी बाई बघा. विजयेंद्राला सांगा, बेंगळुरूत बसून नुसते प्रश्न विचारू नको म्हणावं. माझं यायचं उन्हं कमी झाली की ठरवते.

तुमच्या मायेची सवय झालेली,
विभा

---

मैलूर, बिदर
७ मार्च २०२५

प्रिय विभावन्सं,

स. न. वि. वि. तुम्ही लिहिलेलं ते वेणूचं मनात राहिलं. ह्यांना झोप लागल्यावर मी एकटीने पुस्तक शेवटपर्यंत वाचून काढलं. चांगलं आहे, नाही कशाला म्हणू? केशव गुहेत शिरतो तिथे माझा भात करपला. पण वन्सं, एक सांगा. केशव दिवसभर बेटावर हिंडतो, मासे धरतो, फुटक्या जहाजातली पेटी काढतो, त्याला पानंच्या पानं. आणि संध्याकाळी तो परत येतो तेव्हा दर वेळी एकच वाक्य. वेणू तांडेलाजवळ बसली होती. बस्स. दिवसभर तिने काय केलं? तांडेल तापात बडबडत होता, तिला बायकोच्या नावाने हाका मारत होता, हे लिहिणाऱ्याने ओझरतं सांगितलंय. मग ती बारा वर्षांची पोर काय म्हणाली असेल त्याला? घाबरली नसेल? एकदा तरी जिना चढून वर जावं, समुद्र बघावा असं वाटलं नसेल? शेवटी जहाज येतं तेव्हा खलाशी केशवला खांद्यावर घेतात. वेणूला शाल देतात.

मला राग आला. पुस्तकाचा राग येतो हे मला माहीत नव्हतं.

म्हणून मी परवा लबाडी केली. वाचता वाचता मधेच आपल्या मनचं घातलं. वेणू तांडेलाला म्हणाली, बाबलकाका, मी आले वर जाऊन, आणि ती जिना चढायला लागली. मी पुस्तकावरच डोळे ठेवले होते, आवाजही बदलला नव्हता. यांनी खाडकन डोळे उघडले. म्हणाले, असं न्हाई पुस्तकात. कामून खोटं वाचायलीस?

वन्सं, हसावं की रडावं! सकाळी मला विचारलं होतं, बाई, तुमचं गाव कोणतं. आणि साठ वर्षांपूर्वीच्या पुस्तकातलं एक वाक्य इकडचं तिकडे चालेना. आता रोजचाच खेळ झालाय. मी वेणूला पायऱ्या चढवते, हे तिला धरून खाली आणून बसवतात. मास्तरांसारखं बोट वर करून सांगतात, ती तांडेलापाशीच बसली होती. मी म्हणते व्हय, चुकलंच.

होळीच्या पुरणपोळ्या यंदा चारच करणार आहे. तुमच्या वाटणीची एक धरली आहे, आठवण काढून खाईन.

लोभ पातळ होऊ देऊ नका.

मालती

---

बसवकल्याण
१६ मार्च २०२५

ती. सौ. मालतीवहिनीस,

सा. न. वि. वि. अण्णाचं ‘असं न्हाई पुस्तकात’ वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले, खालून निलम्मा बघायला आली. पण मग रात्रभर तुमच्या प्रश्नांनी झोपू दिलं नाही. मी ते पुस्तक निदान पंधरा वेळा वाचलं असेल. शाळेत शिकवत असताना पोरींना त्याची गोष्ट सांगायचे. आणि एकदाही मला वेणूचं काही पडलं नाही. मला बाहेर जायचं होतं ना, मग जो बाहेर जातो त्याच्याच मागे मी गेले.

वहिनी, उन्हाचं मी निमित्त सांगितलं, ते खरं नाही. दिवाळीला आले होते तेव्हा अण्णानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अदबीनं विचारलं, आपलं काय काम होतं? तेव्हापासून पिशवी भरते आणि परत रिकामी करते. मला भीती वाटते. तुम्हाला ती वाटून चालत नाही, हे कळतं मला.

विजयेंद्राचा निरोप निलम्माच्या फोनवर आला होता. हैदराबादला अशा माणसांसाठी एक चांगली जागा त्याने पाहून ठेवली आहे म्हणे. डॉक्टर, नर्स सगळं आहे. तुम्ही ऐकत नाही म्हणून मला मध्ये घातलं त्याने. मी पण म्हणते, विचार करून बघा. तुम्हाला काही झालं तर अण्णाचं कोण?

रागावू नका. रागावलात तर पत्रात रागवा, पण लिहा.

तुमची,
विभा

---

मैलूर, बिदर
३० मार्च २०२५

प्रिय विभावन्सं,

स. न. वि. वि. आज पाडवा. गुढी उभारली नाही. काठी बघून हे घाबरतात.

हैदराबादच्या जागेचं मी विजयेंद्राला नाही म्हणून कळवलं आहे. तो वाईट मुलगा नाही, पैशाकडे बघणाराही नाही. पण त्यांना रात्री तहान लागली की ते कन्नडात मागतात, घाबरले की मराठीत, आणि राग आला की शाळेतल्या उर्दू शिपायाची भाषा बोलतात. तिथल्या नर्सला हे कोण सांगणार? तुम्हीही त्याच्या बाजूने बोललात याचं वाईट वाटलं. लिहा म्हणालात म्हणून लिहिलं.

दुसरी गोष्ट लिहावी की नको, असं आठ दिवस करते आहे. मागच्या शनिवारी मी नेहमीसारखी लबाडी केली. वेणू उठली, जिन्याकडे गेली. मी थांबले, म्हटलं आता बोट वर होणार. झालं नाही. एक पायरी चढवली, दुसरी चढवली. हे छताकडे बघत होते. मी वाचतच गेले, म्हणजे रचतच गेले. वेणूला थेट वर नेलं, गॅलरीत उभं केलं, वारा सुटला, लांब एक शीड दिसलं. हे म्हणाले, मग?

नुसतं मग. मी पुस्तक मिटलं. इतके दिवस मला वेणूला वर न्यायचं होतं, आणि ती वर गेली तेव्हा तिला खाली आणून बसवणारं कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम खरं होतं तसंच वाचलं. तेही त्यांना नवीन. परवापासून तर पुस्तक बघितलं की हाताने बाजूला सारतात. दुपारी झोपत नाहीत. घरभर फिरतात, दारांच्या कड्या लावतात, काढतात, परत लावतात. तो दीड तास माझा होता, वन्सं. तोही गेला.

उत्तराची घाई नाही.

मालती

---

बसवकल्याण
९ एप्रिल २०२५

ती. सौ. मालतीवहिनीस,

सा. न. वि. वि. श्रीदेवीनं निलम्माला फोन करून सगळं सांगितलं, आणि निलम्मानं वर येऊन माझ्या कानाशी ओरडून. तुम्ही गच्चीवर कोंडल्या गेल्या होतात, पाय भाजले आहेत, आणि मला एका अक्षराने कळवलं नाहीत? मागच्या पत्राचा राग असेल तर तो मी हक्काने सोसेन. पण काय झालं ते तुमच्या हातचं वाचल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. उलट टपाली लिहा.

तुमची विभा

---

मैलूर, बिदर
१३ एप्रिल २०२५

प्रिय विभावन्सं,

स. न. वि. वि. पायाला फोड आले होते, आता बसले. श्रीदेवी मलम लावून जाते. काळजी नको.

चार तारखेला, शुक्रवारी दुपारी मी कुरडया वाळत घातल्या होत्या त्या उलटवायला वर गेले. चप्पल घातली नाही, म्हटलं दोन मिनिटांचं काम. मागे कडी वाजली. यांनी गच्चीचं दार आतून लावून घेतलं होतं. आधी वाटलं, लगेच काढतील. मी हाक मारली. दाराशी आले, आवाज जवळ आला. अगदी शांतपणे म्हणाले, मालक घरी न्हाईत, नंतर या. मी म्हटलं, अहो, मी मालती. ते म्हणाले, मालती शाळेत गेली असंल. आणि चपला ओढत निघून गेले.

मी ओरडले. दार बडवलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, एप्रिलची दुपार, सगळ्यांचे पंखे आणि टीव्ही चालू. खाली गॅसवर दूध नव्हतं ना, हेच आठवत होते. फरशी अशी तापली होती की एका पायावर उभं राहवेना. शेवटी टाकीच्या सावलीत उकिडवी बसले. श्रीदेवी शाळेतल्या नोकरीवरून जेवायला घरी आली तेव्हा तिने ऐकलं. मी कमरेची किल्ली काढून वरून तिच्या अंगणात टाकली. तिने कुलूप उघडून, वर येऊन कडी काढली. हे बैठकीत पेपर उलटा धरून बसले होते. मला बघून म्हणाले, कुठं गेली होतीस? वर कोण बाई ओरडायलीय बघ, दार उघडलं न्हाई मी.

श्रीदेवीला एवढंच माहीत आहे. तुम्हाला पुढचं सांगते, कुणाला म्हणू नका. टाकीशी बसल्यावर मी मधे बराच वेळ हाका मारणं थांबवलं होतं. थकून नाही. मला बरं वाटत होतं, वन्सं. पाय भाजत होते आणि बरं वाटत होतं. कारण दार त्यांनी लावलं होतं. खाली जाता येत नव्हतं, म्हणजे जायला नको होतं. श्रीदेवीच्या गेटचा आवाज आला तेव्हा हाक मारू की नको, असं क्षणभर मनात आलं.

त्या क्षणाची मला भीती वाटते. फोडांची नाही.

येऊ शकत असाल तर या.

मालती

---

मैलूर, बिदर
२४ एप्रिल २०२५

ती. सौ. मालतीवहिनीस,

सा. न. वि. वि. तुमच्याच घरातून, तुमच्याच टेबलावर, माझ्या घरी राहायला गेलेल्या तुम्हाला लिहायला मजा वाटते. त्या दिवशी तुम्ही रिक्षात बसेपर्यंत सात वेळा गोळ्या समजावून सांगितल्यात. मास्तरीणबाईंना इतकं कळतं हो.

मी सुतार बोलावून घरातल्या सगळ्या आतल्या कड्या काढून घेतल्या. पहिले दोन दिवस अण्णा हात फिरवून कडी शोधायचा, आता विसरला. रात्री कठीण जातं. काल रात्री उठून बसला, मला म्हणाला, बाई, तुमच्या घरचे वाट बघत असतील, तुम्ही जा. मी म्हटलं, अण्णा, मी विभा, तुझी बहीण. तो म्हणाला, माझी बहीण लहान आहे, ती झोपली आहे, हळू बोला. वहिनी, ज्याला मी इतके महिने घाबरत होते ते हेच होतं. झालं. पण मी मेले नाही. पंखा लावला आणि हळू बोलले.

पुस्तक तो खरंच बघत नाही. पण काल सहज पाढे म्हणत होते, तर एकोणतीसच्या पाढ्यावर मी अडखळले आणि अण्णानं पुढचं म्हटलं. मग तिसाचा म्हटला. उद्या पावकी, म्हणजे पावाचा पाढा, काढते. किती दिवस चालेल कोण जाणे.

श्रीदेवीच्या ओळखीची चन्नम्मा म्हणून एक बाई सोमवारपासून दुपारची येणार आहे. रविवारी तुम्ही येता ना ठरल्याप्रमाणे? खरं सांगते, माझी पाठ मोडून आली आहे. तुम्ही हे दोन वर्षं कसं केलंत?

वाट पाहणारी,
विभा

---

बसवकल्याण
२८ एप्रिल २०२५

प्रिय विभावन्सं,

स. न. वि. वि. तुम्ही काल दिवसभर दाराकडे बघत बसला असाल. माझा फोन बंद होता, तो मी बंद ठेवला होता. काय झालं ते सगळं लिहिते.

तुमच्या घरी पहिले दोन दिवस मी नुसती झोपले. निलम्मा भाकरी आणि पुंडीची आंबट पालेभाजी आणून ठेवायची आणि म्हणायची, अक्का, उठू नका, तुमी माहेरी आलाव समजा. तिसऱ्या दिवशी बसस्टँडवर गेले. कुठे जायचं नव्हतं. आधार कार्ड दाखवलं, बायकांना बस फुकट म्हणून कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं. हुमनाबादला उतरले, उसाचा रस प्यायले, परत आले. दुसऱ्या दिवशी राजेश्वरला. आमच्या घरात आता दुसरे राहतात, ओसरीवर शेळी होती. मला वाईट वाटलं नाही. कुणी विचारलं नाही कुठे निघालात, कधी येणार. खिडकीशी बसायचं आणि वारं खायचं. पन्नास वर्षांत मी असं काही केलं नव्हतं.

काल ठरल्याप्रमाणे पिशवी भरली. निलम्माला किल्ली दिली. बिदरला वेळेवर उतरले. रिक्षावाल्याला मैलूर म्हटलं, पिशवी आत ठेवली, एक पाय वर ठेवला. दुसरा पाय येईना. रिक्षावाला म्हणाला, बसा ना अम्मा, कामून थांबलाव? मी पाय खाली घेतला, पिशवी काढली आणि स्टँडवरच्या बाकड्यावर जाऊन बसले. तुमची पाठ आठवली. यांचा चेहरा आठवला. पावकी चालली असेल, तेही आठवलं. सगळं आठवून सुद्धा मी उठले नाही. मग बसवकल्याणची बस लागली आणि मी तीत जाऊन बसले. कंडक्टर सकाळचाच होता. म्हणाला, काही विसरलं का अम्मा? मी म्हटलं, व्हय.

तुम्हाला राग येईल. यावा. मी कुणाची तरी बायको आहे, आई आहे, ते मला माहीत आहे, आणि मी परत येणार आहे. मनाची समजूत घालायला लिहीत नाही, खरंच येणार आहे. पण काल आले असते तर कुणी ढकलून आत घातल्यासारखी आले असते, आणि पुन्हा एखाद्या दुपारी हाक मारायची राहून गेली असती. मला अजून आठ दिवस द्या. चन्नम्मा टिकली तर तिला रात्रीचंही विचारा, विजयेंद्र पगार देईल, मी त्याला आजच लिहिते. आणि ह्यापुढे दर महिन्याला आठ दिवस तुम्ही तिथे आणि मी इथे. हे मी विचारत नाही, सांगते आहे. नणंदेला असं सांगायची माझी ही पहिलीच वेळ, समजून घ्या.

काल संध्याकाळी जिना चढून वर आले तेव्हा निलम्मा दारात उभी होती. तिने किल्ली हातात दिली आणि म्हणाली, भाकरी एक जास्तीचीच टाकली होती.

रागावलात तरी लोभ काढून घेऊ नका. यांच्या कानात तेवढं सांगा, मालती येणार आहे. समजलं नाही तरी सांगा.

तुमची,
मालती